फोर्ट्रान, पायथॉन आणि खोडदचं आकाश

थंडीच्या दिवसांत रात्री कैनाडच्या शेतात किंवा डहाणूच्या किनाऱ्यावर उभं राहून दक्षिणेकडे पाहिलं, तर व्याधाच्या बरंच खाली एक ठळक तारा दिसतो. तो अगस्ती. आपल्याकडून पाहताना तो क्षितिजापासून १७-१८ अंशांहून वर चढतच नाही. जुन्नर तालुक्यातल्या खोडद गावाजवळ जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, तिच्या तबकड्याही साधारण तितक्याच खाली झुकू शकतात. त्यामुळे या दुर्बिणीने केलेल्या सगळ्यात मोठ्या आकाश-पाहणीची दक्षिण सीमा अगस्तीला जवळजवळ घासून जाते. त्या रेषेच्या उत्तरेला जेवढं आकाश आहे, म्हणजे एकूण आकाशाचा ९० टक्के भाग, तेवढं सगळं खोडदच्या तबकड्यांनी २०१० ते २०१२ या काळात टिपलं. त्याचा पूर्ण नकाशा मात्र खगोलशास्त्रज्ञांच्या हाती पडला तो २०१६ मध्ये.

तबकड्यांविषयी मराठीत पुष्कळ लिहून झालं आहे. नोंदींपासून नकाशापर्यंतचा रस्ता कसा कापला गेला, हे मात्र फारसं कुणी सांगत नाही. तो कापणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दोन भाषा एकत्र नांदत होत्या: १९५७ मध्ये आयबीएमने बाजारात आणलेली फोर्ट्रान, आणि १९९१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या एका संशोधन संस्थेत कामाला असलेल्या गुइडो व्हान रॉसम यांनी प्रसिद्ध केलेली पायथॉन.

खोडदपर्यंत आलेल्या या वाटेची सुरुवात जुन्या ठाणे जिल्ह्यात झाली. डहाणू-तलासरी आणि कल्याण तेव्हा एकाच जिल्ह्यात होते. पालघर वेगळा झाला तो १ ऑगस्ट २०१४ ला. टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणजे टीआयएफआरमध्ये, १९६३ साली रुजू झालेल्या गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणला ३२ छोट्या तबकड्या उभ्या केल्या. प्रत्येकीचा व्यास जेमतेम सहा फूट. ऑस्ट्रेलियातल्या पॉट्स हिल इथे वापरून झालेल्या या तबकड्या भारताला भेट मिळाल्या होत्या, आणि त्या सूर्याकडे रोखल्या गेल्या. पुढे १९७० मध्ये उटीला डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण झाली, आणि मग नव्वदच्या दशकात खोडदला ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या. त्यांपैकी १४ एका चौरस किलोमीटरच्या आसपास दाटीने आहेत, उरलेल्या १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर विखुरलेल्या. सगळ्यात दूरच्या दोन तबकड्यांमधलं अंतर सुमारे २५ किलोमीटर. २००१ च्या ऑक्टोबरात ही दुर्बीण जगभरच्या शास्त्रज्ञांना अर्पण करण्यात आली.

अशा दुर्बिणीतून चित्र थेट बाहेर पडत नाही. दर दोन तबकड्यांची जोडी घ्यायची आणि त्यांच्याकडे आलेल्या लहरींचा मेळ किती बसतो ते मोजायचं. ३० तबकड्यांच्या ४३५ जोड्या होतात. प्रत्येक जोडी दर काही सेकंदांनी, वारंवारतेच्या प्रत्येक पट्टीसाठी, एक संख्या देते. या संख्यांच्या ढिगावरून आकाश कसं दिसत असेल ते गणिताने उलगडावं लागतं. वाईट नोंदी वेचून टाका, ओळखीच्या रेडिओ स्रोतावरून मोजमाप नीट लावा, फूरिये रूपांतर करा, मग तबकड्यांच्या विरळ मांडणीमुळे चित्रात उमटलेल्या खोट्या रेघा हळूहळू पुसत जा. हे काम करणारं, जगात दीर्घकाळ सर्वांत परिचित राहिलेलं सॉफ्टवेअर म्हणजे एआयपीएस, बोलण्यात 'एप्स'. एप म्हणजे माकड, आणि या सॉफ्टवेअरच्या लोकांनी स्वतःच्या चिन्हात ते मोठ्या हौसेने मिरवलं.

एप्सचा जन्म १९७८ चा, अमेरिकेच्या राष्ट्रीय रेडिओ वेधशाळेत, म्हणजे एनआरएओमध्ये, व्हर्जिनियातल्या शार्लट्सव्हिलला. तेव्हा न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात २७ तबकड्यांची व्हीएलए दुर्बीण उभी राहत होती, तिच्यासाठी ते लिहिलं गेलं. एरिक ग्रायसन हे त्यातलं मुख्य नाव, आणि पुढे कित्येक दशकं ते त्याला चिकटून राहिले. भाषा अर्थातच फोर्ट्रान. आकडेमोडीच्या कामात दुसरी कोणती भाषा कुणाच्या डोक्यातही येत नसे. मुंबईत टीआयएफआरमध्ये १९६४ मध्ये आलेल्या सीडीसी ३६०० यंत्रापासून आपल्या शास्त्रज्ञांचाही तिच्याशी परिचय होता.

एप्सची बांधणी थोडी जवळून पाहायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. त्या काळच्या यंत्रांची स्मृती इवलीशी. सगळं सॉफ्टवेअर एकदम तिच्यात मावणं शक्यच नव्हतं. म्हणून प्रत्येक कामाचा एक स्वतंत्र प्रोग्रॅम केला. त्याला म्हणायचं टास्क. टास्कचं नाव पाच अक्षरांहून मोठं नको, असा दंडक. म्हणून चित्र काढणाऱ्या 'इमेजर'च्या इंग्रजी स्पेलिंगमधला ई कापावा लागला. वापरणारा माणूस समोरच्या पडद्यावर पॉप्स नावाच्या छोट्या आज्ञा-भाषेत टास्कचं नाव आणि त्याला लागणारे आकडे टाकतो: चित्र किती ठिपक्यांचं, एका ठिपक्याचा आकार केवढा, कुठल्या डिस्कवरची कितवी फाइल. मग तो 'गो' म्हणतो. पॉप्स ते सगळे आकडे एका ठरलेल्या फाइलमध्ये लिहून ठेवते आणि टास्क सुरू करून देते. टास्क जागा होतो, फाइल उघडून आपले आकडे वाचून घेतो आणि कामाला लागतो.

म्हणजे एप्समध्ये पहिल्या दिवसापासूनच दोन भाषा होत्या: जड काम करणारी फोर्ट्रान, आणि माणसाशी बोलणारी पॉप्स. आणि टास्कला आकडे मिळतात ते फाइलमधून. ती फाइल कुणी लिहिली, याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही. ही सोय कुणी दूरदृष्टीने केली असं मला वाटत नाही. अडचणीतून निघालेली ती वाट होती. पण पाव शतकानंतर तीच कामी आली.

दरम्यान नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला एक मोठी आखणी झाली. फोर्ट्रान जुनी झाली, तिच्यात नवी कल्पना घुसवणं जिकिरीचं, तेव्हा सगळं सी प्लस प्लस भाषेत पुन्हा लिहावं, असं ठरलं. नाव ठेवलं एआयपीएस प्लस प्लस. कित्येक देशांतल्या वेधशाळा एकत्र आल्या. अमेरिका, ऑस्ट्रेलिया, नेदरलँड्स, ब्रिटन, कॅनडा, आणि जीएमआरटी उभारत असलेली आपली टीआयएफआरसुद्धा. जुन्या एप्सचे दिवस भरले, आता त्यात फार काही घालायचं नाही, असाच सगळ्यांचा समज होता. नव्या पॅकेजसाठी वरची आज्ञा-भाषाही नवी घेतली, ग्लिश नावाची. काम रेंगाळलं. पहिली अधिकृत आवृत्ती यायला नव्वदचं दशक संपत आलं, आणि नव्या शतकाच्या सुरुवातीलाच ही आंतरराष्ट्रीय मोट सुटली. मागे राहिलेलं सी प्लस प्लसचं भांडार एनआरएओने हाती घेतलं, ग्लिश काढून तिच्या जागी पायथॉन बसवली, आणि कासा नावाचं पॅकेज तयार झालं. (डहाणू तालुक्यातल्या कासा गावाशी त्याचा संबंध नाही, हे आपल्याकडच्या वाचकांना सांगून टाकलेलं बरं.) तेव्हा 'सगळं एकाच नव्या भाषेत' म्हणून निघालेली ही मंडळीही शेवटी दोन भाषांवरच येऊन थांबली. शिवाय मोजमापं जाळीवर बसवणाऱ्या कासातल्या सर्वांत आतल्या चक्रांचा काही भाग फोर्ट्रानमध्येच राहिला, ते वेगळंच.

मधली दहा-पंधरा वर्षं खगोलशास्त्रज्ञ थांबले नव्हते. 'दिवस भरलेलं' एप्स ते रोज वापरत होते. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रात, एनसीआरएमध्ये, संशोधनाला आलेल्या विद्यार्थ्याची पहिली तालीम ठरलेली. खोडदची नोंद असलेली एलटीए फाइल घ्यायची, तिच्यावर 'लिस्टस्कॅन' चालवायचं, मग 'जीव्हीफिट्स'. या दुसऱ्या प्रोग्रॅममधून बाहेर पडते ती फिट्स फाइल, आणि तुम्ही नाव बदललं नाही तर ती 'टेस्ट डॉट फिट्स' याच नावाने पडते. एकाच फोल्डरमध्ये दुसऱ्यांदा चालवणाऱ्याने जरा जपून. ती फाइल एप्समध्ये भरली की पुढे पडद्यासमोर बैठक. एक क्षेत्र, एक माणूस, आणि काही दिवस.

याच काळात नेदरलँड्समधल्या ड्विंगेलो गावी, युरोपच्या दुर्बिणींची मापं जुळवणाऱ्या जाइव्ह या संस्थेत, मार्क केटेनिस आणि सहकाऱ्यांनी एक गंमत केली. पॉप्सच्या जागी पायथॉन बसवली. त्यांनी ते काम २००५ च्या सुमारास मांडलं आणि नाव ठेवलं पार्सलटंग; हॅरी पॉटरच्या गोष्टीतली सापांची भाषा. पायथॉन म्हणजे अजगर, तेव्हा नाव शोभलं. पायथॉनचा प्रोग्रॅम पॉप्ससारखीच ती ठरलेली फाइल लिहितो आणि टास्क सुरू करतो. फोर्ट्रानमधल्या टास्कला पत्ताच लागत नाही की समोर माणूस नाही, दुसरा प्रोग्रॅम बसला आहे. टास्कच्या एका ओळीलाही हात लावावा लागला नाही. एप्सच्या डिस्कवरची तक्ते-चित्रं थेट पायथॉनमध्ये वाचायची झाली तर त्यासाठी एनआरएओच्या बिल कॉटन यांचं ओबिट हे भांडार घेतलं; ते सी भाषेतलं. म्हणजे नीट मोजायला गेलं तर भाषा तीन.

सांधा इतका सोपा वाटला तरी खटके उडतातच. फोर्ट्रानमध्ये यादीतली पहिली वस्तू एक नंबरची, पायथॉनमध्ये शून्य नंबरची. एप्सची सगळी माहितीपुस्तकं एकपासून मोजणारी. ती पाठ असलेल्या माणसाने पायथॉनमध्ये शून्यापासून मोजायला लागावं, तर प्रत्येक आकडा एक घर सरकणार आणि चित्र बिघडणार, तेही कुठे बिघडलं ते न कळता. पार्सलटंगवाल्यांनी यावर साधा तोडगा काढला: यादीचं शून्याचं घर रिकामंच ठेवायचं. चित्राची लांबी-रुंदी द्यायची असेल तर 'काही नाही, ५१२, ५१२' अशी यादी लिहा. पायथॉन शिकलेल्या पोराला ते पहिलं 'काही नाही' विचित्र वाटतं. एप्सवर केस पिकलेल्याला मात्र आपली एकची मोजणी जागच्या जागी सापडते. नव्या भाषेने जुनीच्या सवयीपुढे एक घर मोकळं सोडलं, एवढाच हा करार. आणि माझ्या मते अशा जोडकामात हीच अक्कल सर्वांत दुर्मिळ.

आता खोडदकडे. २०१० मध्ये एनसीआरएच्या खगोलशास्त्रज्ञांनी 'टीआयएफआर जीएमआरटी आकाश सर्वेक्षण' हाती घेतलं, संक्षेपाने टीजीएसएस. वारंवारता १५० मेगाहर्ट्झच्या आसपास. आकाशाचे पाच हजारांवर तुकडे पाडायचे आणि प्रत्येकाकडे सुमारे पंधरा मिनिटं पाहायचं. एकूण निरीक्षण दोनेक हजार तासांचं. मार्च २०१२ पर्यंत निरीक्षणं संपली. काही भागाचे नकाशे या चमूने स्वतः प्रसिद्धही केले. पण संपूर्ण आकाश हातावेगळं करणं ही वेगळी गोष्ट, आणि आडवं येत होतं ते आपल्याच डोक्यावरचं आयनांबर.

जमिनीपासून शंभर-दोनशे किलोमीटरपासून पुढे, उन्हाने विद्युतभारित झालेल्या विरळ वायूचा हा थर. रेडिओ लहरी त्यातून येताना वाकतात, आणि लहर जितकी लांब तितका त्रास जास्त. हलत्या पाण्याखाली विहिरीच्या तळाशी पडलेलं नाणं जसं जागा बदलत राहतं, तसे १५० मेगाहर्ट्झवर आकाशातले स्रोत डुगडुगतात. त्यातून भर म्हणजे खोडदचं ठिकाण विषुववृत्ताजवळच्या त्या पट्ट्यात पडतं, जिथे हा थर मुळातच जास्त खवळलेला असतो. शिवाय एकाच दृश्यात डावीकडचा स्रोत एका बाजूला सरकतो आणि उजवीकडचा दुसऱ्या, त्यामुळे सगळ्या चित्राला एकच दुरुस्ती लावून भागत नाही. आजूबाजूच्या विजेच्या तारांवर उडणाऱ्या ठिणग्या आहेतच वर.

यावर तोडगा आधीच निघाला होता, नेदरलँड्समधल्या लायडनला. हुइब इंटेमा यांनी पीएचडीच्या कामात एक पद्धत तयार केली आणि २००९ मध्ये ती प्रसिद्ध केली. नाव स्पॅम, नकोशा ईमेलशी संबंध नाही. दृश्यातला सर्वांत तेजस्वी स्रोत घ्यायचा, त्याच्यापुरती दुरुस्ती काढायची आणि तो सोलून बाजूला ठेवायचा. मग पुढचा. असे दहा-वीस स्रोत झाले की आयनांबराच्या इतक्या ठिकाणी काय चाललं आहे ते कळतं. त्या ठिपक्यांवरून सगळ्या थराचं एक गणिती प्रतिरूप बसवायचं आणि मधल्या जागांची दुरुस्ती त्यावरून काढायची.

या कामात फोर्ट्रान आणि पायथॉन यांची वाटणी उघड दिसते. स्रोत सोलणं, मापं जुळवणं, फूरिये रूपांतर, चित्र साफ करणं, ही अवजड आकडेमोड एप्सच्या जुन्या टास्कनी केली. तीस वर्षं घासून-पुसून तिच्यातल्या चुका निघालेल्या होत्या. कुठला स्रोत आधी घ्यायचा, दुरुस्ती विश्वासार्ह आहे की फेकून द्यायची, आयनांबराचं प्रतिरूप कसं बसवायचं, हा विचार पायथॉनमध्ये. पायथॉन एप्सच्या तक्त्यांतून उत्तरं वाचते, हिशेब करते आणि सुधारलेली उत्तरं पुन्हा एप्सच्याच तक्त्यांत लिहून ठेवते. पुढचा टास्क ती आपलीच समजून वापरतो. हे सगळं पॉप्समध्ये लिहिता आलं नसतं का? थोडंफार आलं असतं. पण आयनांबराच्या थराला गणिती पृष्ठभाग बसवणं हे तिच्या आवाक्यातलं काम नव्हतं. उलट सगळंच पायथॉनमध्ये लिहिलं असतं तर एकेक चित्र साफ होता होता वर्षं गेली असती.

वापरणाऱ्यापर्यंत येताना हे सगळं इतकं आटलं की मुख्य आज्ञा दोनच उरल्या: एक पूर्वतयारीची आणि एक प्रत्यक्ष चित्र काढण्याची. खोडदच्या पाच हजारांवर तुकड्यांना ही आज्ञांची जोडी लावली गेली. इंटेमा आणि तीन सहकाऱ्यांनी नकाशे २०१६ मध्ये खुले केले, २०१७ च्या सुरुवातीला 'ॲस्ट्रॉनॉमी अँड ॲस्ट्रोफिजिक्स' या नियतकालिकात निबंध छापून आला. ३६,९०० चौरस अंश आकाश, सुमारे ६ लाख २० हजार रेडिओ स्रोत, आणि २५ विकलांपर्यंतचा तपशील. इतक्या कमी वारंवारतेला इतकं बारीक आणि इतकं विस्तृत चित्र तोवर नव्हतं. मूळ सर्वेक्षण एनसीआरएचं होतं, म्हणून या नकाशांना 'पर्यायी प्रकाशन' असं नम्र नाव देण्यात आलं.

सगळं निर्दोष झालं असं नाही. आकाशाच्या काही पट्ट्यांत स्रोतांचं तेज पद्धतशीरपणे कमी-जास्त मोजलं गेल्याचं पुढे इतरांनी दाखवलं आणि दुरुस्त केलेल्या याद्याही काढल्या. माणसाने एकेक चित्र पाहिलं असतं तर ते आधी लक्षात आलं असतं का, सांगता येत नाही. पण पाच हजार चित्रं माणसाने पाहिलीच नसती, हे नक्की. आज एखादा स्रोत उच्च वारंवारतेला कसा आणि कमी वारंवारतेला कसा, अशी तुलना करायची झाली की संशोधक टीजीएसएसच्या यादीकडे वळतात.

आणि मग २०२० उजाडलं. १ जानेवारीला पायथॉनच्या दुसऱ्या आवृत्तीचा अधिकृत आधार संपला. स्पॅम त्याच आवृत्तीत लिहिलेलं. दुसऱ्या आणि तिसऱ्या आवृत्तीत साधं 'छाप' म्हणणारं वाक्यही वेगळ्या पद्धतीने लिहावं लागतं, तेव्हा जुना प्रोग्रॅम नव्यात सरळ चालत नाही. नव्या संगणकावर स्पॅम बसवायचं म्हणजे पायथॉनचं जुनं घर जपून ठेवायचं, जुनी भांडारं शोधायची, एकाला एक जुळवायची, अशी कसरत सुरू झाली. साठीच्या पुढे गेलेली फोर्ट्रान मात्र जागेवरून हलली नाही. एप्सच्या नव्या आवृत्त्या वर्षअखेरच्या तारखेचं नाव लावून निघतच राहिल्या. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला ज्या भाषेला बाजूला सारायचं ठरलं होतं ती टिकली, आणि दुखणं निघालं तिच्या मदतीला आलेल्या तरुण भाषेचं. जुनं कधी मोडतं याचे आपले अंदाज किती चुकतात, याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरीकडे सापडलेलं नाही.

खोडदची दुर्बीणही तोवर बदलली होती. तबकड्या त्याच, पण ग्राहक-यंत्रणा नवी. वारंवारतेचा पट्टा कित्येक पटींनी रुंद झाला आणि नोंदींचा ढीगही तसाच वाढला. त्या नोंदींसाठी एनसीआरएच्या रुता काळे आणि सी. एच. ईश्वर-चंद्र यांनी कॅप्चर नावाची नवी पाइपलाइन, म्हणजे नोंदींपासून चित्रापर्यंतची सगळी कामं ओळीने करणारा प्रोग्रॅम, लिहिली. तिच्यावरचा निबंध २०२१ मध्ये छापला गेला. ती कासावर उभी आहे: आत सी प्लस प्लस, बाहेर पायथॉन. विद्यार्थ्याला एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये हो-नाही भरायचं असतं: वाईट नोंदी काढायच्या का, चित्र काढायचं का, किती वेळा सुधारायचं. पायथॉनच्या आवृत्तीचा प्रश्न तिच्याही वाट्याला आला. कासाची सहावी आवृत्ती पायथॉनच्या तिसऱ्या आवृत्तीवर गेली, आणि कॅप्चरची त्यासाठी निराळी प्रत करावी लागली. त्या पाइपलाइनच्या सुरुवातीला अजूनही लिस्टस्कॅन आणि जीव्हीफिट्स आहेत, एलटीएची फिट्स करून द्यायला.